एल्डन रिंग: कौतुक फार ऐकलं, पण मार्गिटच्या पुलावरच मन उतरलं

खाडीकाठ (देवगड)

२०२२ साली आल्यापासून अ‍ॅक्शन गेम म्हटलं की पहिलं नाव एल्डन रिंगचं निघतं. म्हणून सेलमध्ये घेतला आणि निराशा झाली. मोकळ्या माळावर घोडा पळवला की चित्र मध्येच अडकतं. कोलांटी उशिरा लागते, बटण वेळेवर दाबूनही मार बसतोच. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवरचा मार्गिट हा बॉस दोन-तीन फटक्यांत लोळवतो आणि माझ्या तलवारीने त्याला ओरखडाही येत नाही. वर पॉज नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो.

लॅपटॉपला जीटीएक्स १६५० (४ जीबी), रॅम ८ जीबी, गेम एसएसडीवर. एचडीएमआयने टीव्हीला जोडून ब्लूटूथ कंट्रोलरवर खेळतो. लेव्हल १८, व्हिगर (जीव किती ते ठरवणारा गुण) १२, तलवार एकदाही ठोकून घेतलेली नाही, अंगावर जड चिलखत. दोष गेमचा की माझ्या मांडणीचा?

मिऱ्या बंदर

चित्र अडकण्यापासून सुरू करतो. या गेमला किमान १२ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६० (३ जीबी) लागतं. तुमचं कार्ड त्याहून थोडं कमी आहे, ते सेटिंगने सांभाळता येतं. ८ जीबी रॅम मात्र सांभाळता येत नाही. घोडा पळाला की नवा प्रदेश वेगाने लोड होतो, रॅम भरते, विंडोज एसएसडीवरची जागा रॅमसारखी वापरू लागते आणि तिथेच झटका बसतो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान उघडा. 'स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २' दिसलं तर आधीच्याच प्रकारची आणि वेगाची ८ जीबीची दुसरी पट्टी टाका. खर्च करायचाच असेल तर पहिला याच्यावर करा.

तोवर रिझोल्यूशन १६०० बाय ९०० करा, टेक्स्चर मीडियम, सावल्या, गवत आणि व्हॉल्युमेट्रिक (धुकं-प्रकाशाचे परिणाम) लो, रे ट्रेसिंग बंद. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये गेमला 'हाय परफॉर्मन्स' द्या, नाहीतर कधीकधी तो प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच चालतो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) कॅशची मर्यादा १० जीबी करा. नव्या जागी किंवा नवा शत्रू पहिल्यांदा दिसल्यावर येणारा झटका शेडर तयार होण्याचा असतो, तो दुसऱ्या वेळी बराच कमी होतो. ६० च्या वर फ्रेम जाणार नाहीत, तिथे गेमचीच मर्यादा आहे.

आणि काहीही झालं तरी गेम काढून पुन्हा टाकू नका. साधारण ६० जीबी परत उतरवायचे म्हणजे गावच्या नेटवर शिक्षाच. स्टीममध्ये 'व्हेरिफाय इंटिग्रिटी' चालवा, बिघडलेल्या फाइलीच तेवढ्या उतरतात.

दर्यासारंग

कोलांटीचं कारण वेगळं आहे. धावणं आणि कोलांटी एकाच बटणावर आहेत. दाबून धरलंत तर धाव, म्हणून तुम्ही बटण सोडेपर्यंत गेमला कळतच नाही की कोलांटी हवी आहे. बोट रेंगाळलं तेवढा उशीर. टिचकी मारल्यासारखं दाबा आणि सोडा. घाबरून दोनदा दाबलंत तर दुसरी कोलांटी रांगेत बसते आणि नको तेव्हा लागते.

त्यात टीव्ही. टीव्ही चित्र सुधारण्यासाठी प्रक्रिया करत बसतो आणि तेवढ्या फ्रेम मागे पडतात (६० फ्रेमला एक फ्रेम म्हणजे जेमतेम १६.७ मिलिसेकंद). त्याच्या मेनूत गेम मोड चालू करा, मोशन स्मूदिंग बंद करा आणि कंट्रोलर केबलने जोडून बघा. एवढ्याने फरक हाताला कळेल.

चिलखताचं वजन बघा. इक्विप लोड (अंगावरच्या सामानाचं वजन) ७० टक्क्यांच्या वर गेला की कोलांटी जड आणि संथ होते. ३० ते ७० मध्ये ठेवा. त्यासाठी छातीचा किंवा पायाचा एक तुकडा उतरवला तरी बहुधा भागतं.

मार्गिट काठी उचलून मुद्दाम थांबतो. काठी उठताना कोलांटी मारणारा हमखास मार खातो, खाली येऊ लागली की मारा. लांब उभं राहून फ्लास्क (जीव भरून काढणारं औषध) प्यायलात तर तो सोनेरी सुरी फेकतो, म्हणून त्याचा वार संपल्या क्षणी प्या. मुळात व्हिगर १२ घेऊन तिथे जाऊच नका. पुढच्या आठ लेव्हल सगळ्या व्हिगरवर घाला, २० करा. पुढे ४० पर्यंत व्हिगरचा मोबदला उत्तम मिळतो.

तलवार ठोकून +३ करायला पहिल्या प्रतीचे स्मिथिंग स्टोन (धार वाढवणारे दगड) १२ लागतात: २, मग ४, मग ६. लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशातल्या बोगद्यात भिंतींना चकाकताना दिसतील. चर्च ऑफ एलेहच्या ऐरणीवर +३ पर्यंत काम होतं. घोडा मिळाल्यावर रात्री त्याच चर्चमध्ये रेना भेटते, तिच्याकडून मदतीला आत्मे बोलावणारी घंटा आणि लांडग्यांचे आत्मे घ्या. ती दिसली नाही तर राउंडटेबल होल्डमध्ये घंटा विकत मिळते. दक्षिणेच्या वीपिंग पेनिन्सुलात तीन चर्च आहेत आणि तिन्हींत सेक्रेड टियर, म्हणजे फ्लास्कचा प्रत्येक घोट जास्त भरून काढतो. आधी तिकडे फिरून या.

कातळसडा

वरचं सगळं बरोबर आहे, पण धागाकर्त्याची निराशा सगळीच मांडणीमुळे आहे असं मला वाटत नाही. कॅटकोंब (भुयारी थडगी) एकमेकांसारखे आहेत, एर्डट्री अवतार आणि अल्सरेटेड ट्री स्पिरिट हे बॉस पुन्हा पुन्हा समोर येतात, आणि प्रचंड शत्रूंसमोर कॅमेरा अंगाला चिकटतो. हे रॅम वाढवून जात नाही. या गेमची खरी श्रीमंती स्टॉर्मव्हेल, राया लुकारिया आणि लेंडेल या गुंफलेल्या मोठ्या जागांत आहे. नकाशावरचं प्रत्येक भुयार साफ करायचा हट्ट धरलात तर कंटाळा ठरलेला. बक्षीस हवं असेल तेवढीच भुयारं करा. मार्गिटनंतर स्टॉर्मव्हेलमध्ये मुख्य दरवाजाने न जाता डावीकडच्या फुटक्या भिंतीतून शिरा आणि किल्ल्याचा मुख्य बॉस गॉड्रिकपर्यंत खेळा. तेही आवडलं नाही तर हा गेम तुमचा नाही, असं बेलाशक समजा. स्टीमकडून पैसे परत मागायचे तर खरेदीपासून १४ दिवस आणि खेळण्याचे २ तास या दोन्हींच्या आत मागावे लागतात, आणि मार्गिटपर्यंत पोचेस्तोवर ते तास बहुधा उलटलेले असतात.

उधाणवारा

विजेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, टीव्ही मात्र काळा पडतो आणि मार्गिट थांबत नाही. विंडोज आणि पी दाबून 'डुप्लिकेट' ठेवा आणि लॅपटॉपचं झाकण उघडंच असू द्या. ऑफलाइन खेळत असाल तर मेनू उघडून हेल्पचं बटण दाबा आणि 'मेनू एक्सप्लनेशन' निवडा, खेळ थांबतो. नेटवर्कच्या पानावर लाँच सेटिंग 'प्ले ऑफलाइन' केलंत की राउटर बंद पडल्याचंही काही वाटत नाही. जमिनीवरचे इतरांचे संदेश तेवढे दिसेनासे होतात. बॅटरीवर ग्राफिक्स कार्डाची ताकद उतरते, तेव्हा लढाई पुढे न नेता सिस्टीममधून 'क्विट गेम' करा.

गेम सतत सेव्ह होत असतो, म्हणून लिहिता लिहिता लॅपटॉप बंद पडला तर फाइल बिघडू शकते. अ‍ॅपडेटाच्या रोमिंगमध्ये एल्डनरिंग नावाचा फोल्डर आहे, तो दर आठवड्याला पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा.

शेवटचं, पंखा. खाऱ्या दमट हवेत धूळ जाळीला चिकटून बसते, प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःचा वेग कमी करतो आणि अर्ध्या तासाने फ्रेम पडू लागतात. पावसाळा संपला की मागचं झाकण उघडून मऊ ब्रशने जाळी साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, मोकळं गरगरलं तर बेअरिंग जातं.