विषय: संध्याकाळचं फिरणं आणि मोतीचे भाजलेले तळवे

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या ॲरिझोनात, फिनिक्सशेजारच्या चँडलरहून लिहितेय. आमचा मोती, सहा वर्षांचा लॅब्राडोर, परवा फिरून आला तो लंगडतच. सासरे नुकतेच अकोल्याहून आलेत. उन्हं कलली की बाहेर पडायचं, ही त्यांची आयुष्यभराची सवय. साडेसहाला मोतीला घेऊन निघाले. पायात चपला, डोक्याला दुपट्टा, हातात पाण्याची बाटली. अर्ध्या वाटेत मोती खाली बसला. बाबांना वाटलं दमला, म्हणून त्यांनी त्याला दोनदा उठवून चालवलं. घरी आल्यावर फरशीवर ओलसर ठसे उमटले. पंजा उलटा करून पाहिला, तर काळी जाड कातडी सालासारखी सुटलेली आणि खाली लालभडक.

व्हेटकडे मलमपट्टी झाली, बरा होईल म्हणाले. पण बाबा दोन दिवस धड जेवलेले नाहीत. आता बऱ्याच घरी आईवडील येतील, म्हणून विचारते. इथे जुने असलेले लोक उन्हाळ्यात नेमकं काय करतात? आणि डोंगरावरच्या थंड फ्लॅगस्टाफच्या सहलीला मोतीला आणावं का?

— मोतीची आई, चँडलर

*

ताई,

आधी बाबांना माझा नमस्कार सांगा, आणि हेही सांगा की मीही वऱ्हाडातलाच आणि पहिल्या वर्षी मीही संध्याकाळीच जायचो. तिकडे जूनमध्ये सातच्या सुमारास सूर्य मावळतो आणि कुत्रं मातीच्या कडेकडेनं चालतं. फिनिक्समध्ये मावळायला पावणेआठ होतात, हवा सगळ्यात जास्त चार-पाचला तापते आणि पायाखाली सगळं डांबर नि काँक्रीट. हवा ११० फॅरनहाइट (४३ सेल्सिअस) असली की उन्हातलं डांबर १६०च्या (७१ सेल्सिअस) घरात जातं. ऊन गेलं तरी ते तासन् तास धग सोडत राहतं.

२०२३चा जुलै आठवतो ना? सलग ३१ दिवस पारा ११०च्या वर किंवा ११०वर. १९ जुलैला तर रात्रभरात पारा ९७च्या (३६ सेल्सिअस) खाली उतरलाच नाही. तेव्हापासून आमच्याकडे संध्याकाळचं फिरणं उन्हाळाभर बंद. जूनमध्ये सव्वापाचच्या सुमारास उजाडतं. आम्ही पाचला बाहेर आणि पावणेसहाला घरात. निघताना मी चप्पल काढून रस्त्यावर अनवाणी उभा राहतो. वीस आकडे मोजेपर्यंत माझे पाय टिकले नाहीत, तर आमची कुत्री राणीही चालत नाही. बाबांना हे लगेच पटेल.

अंगणातल्या कृत्रिम हिरवळीला फसू नका. दिसते गार, पण उन्हात भयंकर तापते. दुसरी गोष्ट नळीची. उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी अक्षरशः चटका देणारं असतं. आधी ते जमिनीवर सोडून द्या, हातावर घेऊन पाहा, मगच कुत्र्याच्या अंगावर. तळवा भाजलाच तर साध्या गार पाण्याखाली दहा मिनिटं तरी धरा. तूप, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. ते चाटून पोटात जातं आणि जखम साफ करताना जनावराचे हाल होतात.

आता जिवावर बेततं ते. बाबांना कूलरचं उदाहरण द्या. वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी झिरपतं, कोरडी हवा ते ओढून घेते, म्हणून खोली गार होते. कुत्र्याची जीभ हाच त्याचा कूलर. आपल्यासारखा अंगभर घाम त्याला येत नाही, तळव्यांना काय येतो तेवढाच. म्हणून नुसता पंखा लावून फारसं भागत नाही. अंग ओलं केलं तर पंखा कामाला येतो. आणि म्हणूनच जुलैत इथेही मान्सूनची दमट हवा आली की अकोल्यातला कूलर जसा निकामी होतो, तशी याची धापही निकामी होते. कोरड्या ११२पेक्षा पावसाळी १०५ मला जास्त धोक्याचं वाटतं. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांना तर फारच.

धाप थांबत नाही, लाळ घट्ट झालीय, हिरड्या विटेसारख्या लाल, चालताना झोकांड्या जातायत, असं दिसलं की थांबायचं नाही. आधी गार करा, मग गाडीत घाला. घरात आहे नाही ते गार पाणी ओता, वारा घाला, गाडीचा एसी पूर्ण लावून व्हेटकडे निघा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो मिनिटा-दोन मिनिटांत तापतो आणि उष्णता आतच कोंडते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. अंग तापलंय म्हणून पॅरासिटामॉल तर मुळीच नको. मांजराला त्याची एक गोळीसुद्धा जीवघेणी असते.

सहलीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सोबत पूर्ण वेळ एक माणूस राहणार असेल तरच आणा. फ्लॅगस्टाफला ८० फॅरनहाइट (२७ सेल्सिअस) म्हणजे आपल्याला स्वर्ग. पण त्याच हवेत बंद गाडी दहा मिनिटांत ९९वर आणि अर्ध्या तासात ११४वर (साडेपंचेचाळीस सेल्सिअस) जाते. काच बोटभर उघडी ठेवून काही उपयोग होत नाही. इथे २०१७पासून कायदा आहे: कुणाच्या बंद गाडीत जनावर तडफडताना दिसलं, तर पोलिसांना कळवून काच फोडता येते, मात्र पोलीस येईपर्यंत तिथेच थांबावं लागतं. फिनिक्स शहराच्या डोंगरवाटांवर १०० फॅरनहाइटच्या पुढे कुत्र्यांना बंदीच आहे.

पाऊस पडल्यावर अंगणात मोठे हिरवट बेडूक येतात, सोनोरन वाळवंटातले. रात्री पाण्याचं भांडं बाहेर ठेवू नका, ते त्यात येऊन बसतात. त्यांच्या अंगावर विष असतं. कुत्र्यानं तोंडात धरलाच तर तोंड खाली करून बाजूनं पाण्याची धार सोडा म्हणजे पाणी बाहेर पडेल, हिरड्या ओल्या फडक्यानं पुसा आणि तडक व्हेट गाठा.

— राणीचे काका, मेसा

*

काका, मांजरांसाठी थोडी भर घालते. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ती कुत्र्यासारखी नेहमीची गोष्ट समजू नका. त्रास बराच पुढे गेल्यावरच ते तसं करतं. गेल्या ऑगस्टमध्ये आमची चिंगी गाडीमागोमाग गॅरेजमध्ये शिरली आणि शटर बंद झालं. पाऊण तासानं सापडली ती कपड्यांच्या टोपलीमागे, कुशीवर, जीभ बाहेर. वाचली. तेव्हापासून शटर लावताना आमच्याकडे मोठ्यानं “चिंगी कुठाय?” असं विचारायचं आणि कुणीतरी तिला बघून उत्तर द्यायचं, असा नियम आहे. पाहुण्यांनाही.

मांजर पाणी कमी पितं. भांडं जेवणापासून लांब, घरात तीन-चार ठिकाणी ठेवलं की पितं. ओल्या खाण्यात दोन चमचे पाणी कालवते मी. पांढऱ्या कानांचं मांजर दिवसभर खिडकीत ऊन खात बसू देऊ नका. अशा कानांना उन्हानं कर्करोग होऊ शकतो.

— चिंगीची मावशी, गिल्बर्ट

*

काका, मावशी, खूप आभार. दोन्ही मेल बाबांना मोठ्यानं वाचून दाखवल्या. वाळ्याच्या ताट्यांपाशी त्यांनी मला थांबवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं. आज पहाटे साडेचारला स्वयंपाकघरात दिवा दिसला. बाबा चहा करत होते आणि मोतीला सांगत होते की अजून आठवडाभर बाहेर जायचं नाही, पट्टी निघू दे.

सहलीला मोती येत नाही. बाबाही नाही, ते म्हणाले मी त्याच्यापाशी थांबतो.

एक मागणं आहे. एसी बंद पडला आणि दुरुस्ती करणारा दुसऱ्या दिवशीच येणार असला, तर आपण हॉटेलात जातो, पण कुत्र्यामांजरांना सगळीकडे घेत नाहीत. ज्यांच्याकडे एक खोली देता येईल त्यांनी मला गाव आणि कुठलं जनावर चालेल ते कळवा, मी यादी करून ठेवते. चँडलरमधली पहिली खोली आमची. कुत्रा, मांजर दोन्ही चालेल.

— मोतीची आई