सातव्या वर्षाची कर्जमाफी आणि आपली कर्जमाफी

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ):
बायबलमधील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या १५व्या अध्यायात प्राचीन इस्राएलांना दर सातव्या वर्षी आपल्या बांधवांचे कर्ज सोडून देण्याची आज्ञा आहे. आपल्याकडे २००८, २०१७ आणि २०१९ साली कर्जमाफी जाहीर झाली, तरी खरिपाच्या तोंडावर सावकाराचे दार अनेकांना चुकत नाही. तो समाज आपल्याहून अधिक न्यायी होता, असे म्हणावे का?

उत्तर १:
सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरिबाला कर्ज नाकारू नका, असे त्याच अध्यायात बजावले आहे. म्हणजे देणारे तेव्हाही हात आखडता घेत असावेत. पुढे हिल्लेल या धर्मगुरूने ‘प्रोझबुल’ नावाचा दस्तऐवज रूढ केला, ज्यायोगे येणे न्यायालयाच्या हवाली करून माफीतून वाचवता येई आणि गरजूंना कर्जही मिळत राही. शिवाय परक्याकडून वसुलीची मुभा होतीच.

उत्तर २:
मला त्याच ग्रंथातील गहाण-तारणाचे नियम अधिक मोलाचे वाटतात. जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण ते माणसाचा जीवच गहाण घेणे होय. गरिबाचे पांघरूण घेतलेच, तर सूर्यास्तापूर्वी परत करावे. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० शेतकऱ्याची आवश्यक अवजारे, गुरे व बियाणे जप्तीतून वगळते. पण ऐन पेरणीत बैलजोडी सोडून नेणारा सावकार न्यायालयात जातो कुठे?

प्रश्नकर्ता:
आमच्या गावातही हेच घडते. बैल गेले की तिफण बांधावर पडून राहते आणि ओल निघून जाते.