पंचकल्याणी घोडीचं नाक सोलतंय, माळावर गाजरगवत माजलंय. काय करू?

पुरंदरचा घोडेवाला:
नमस्कार मंडळी. सासवडच्या पुढं आमचा सहा एकर माळ आहे. त्यावर दोन घोड्या आणि एक शिंगरू चरतं. थोरली पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा, सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलेली. वडील सांगतात, पूर्वी या माळावर पवना आणि मारवेल ही चाऱ्याची गवतं कमरेएवढी यायची. आता पहिला पाऊस पडला की आधी गाजरगवतच वर येतं. विहिरीकडं घाणेरी, वाटेच्या कडेनं टाकळा. घोड्या मधला तुकडा पार मातीपर्यंत खातात, लीद पडलेल्या जागेला मात्र तोंड लावत नाहीत. तिथं तण गुडघाभर.

खरी काळजी घोडीची आहे. तिच्या नाकावर पांढऱ्या पट्ट्याखालची कातडी लाल होऊन सोलायला लागलीय. पांढऱ्या पायांवरही खपल्या धरल्यात. बाकी तांबड्या अंगावर काहीच नाही. शेजारी म्हणतात गाजरगवताची ॲलर्जी. दुकानदार म्हणतो, ग्लायफोसेट तणनाशक मारा, एकदाच माळ साफ होईल. मारू का?

वाईकर:
दादा, आम्ही बांधाला टाकळा पेरला आणि गाजरगवत मागं हटलं. तुमच्याकडं टाकळा आहेच, तो वाढू द्या. औषधाचा खर्च वाचेल.

कुरणराखी:
दादा, आधी घोडी. गाजरगवतानं कातडीला त्रास होतो हे खरं, पण तो रंग बघून होत नाही. फक्त पांढऱ्या केसांखालची कातडी भाजत असेल तर संशय यकृतावर घ्यायचा. हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून पोटात एक पदार्थ तयार होतो, तो यकृत बाहेर टाकतं. यकृत बिघडलं की तो रक्तातून कातडीपर्यंत जातो, आणि जिथं रंग नाही तिथं ऊन लागलं की कातडी जळते. नुसतं उन्हानंही नाक सोलतं, म्हणून अंदाज बांधत बसू नका. डॉक्टरांना बोलवून रक्तातली यकृताची तपासणी करून घ्या. तोवर तिला दिवसा तबेल्यात सावलीला ठेवा, चरायला रात्री सोडा.

मी नाशिककडं घोड्यांचं कुरण सांभाळते. घोड्याच्या बाबतीत माझी पहिली नजर गाजरगवतावर जात नाही, खुळखुळ्यावर जाते. पिवळी फुलं, वाळली की शेंग वाजते, तोच. तो परदेशी नाही, आपल्याच रानातला आहे, पण घोड्याचं यकृत त्याच्या विषापुढं फार नाजूक. लक्षणं खाल्ल्यावर कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी दिसतात, म्हणून दोष भलत्याच तणावर जातो. वाळल्यावरही विष जात नाही. त्यामुळं माळाइतकाच विकतचा चारा तपासा. घाणेरीही यकृताला वाईट. गुरांना तिची विषबाधा जास्त दिसते, घोडा भरल्या पोटी तिच्याकडं जात नाही. पण माळ उघडा पडला की भुकेला घोडा काहीही ओरबाडतो.

ग्लायफोसेट मारू नका. ते उरलंसुरलं मारवेलही मारेल, आणि उघड्या मातीत सगळ्यात आधी गाजरगवतच उगवेल. शिवाय 2022 पासून ते फक्त परवानाधारक कीटकनियंत्रकांनीच मारायचं असा नियम आहे. टू-फोर-डी हे दुसरं तणनाशक गवत सोडून रुंद पानाचं तण मारतं, पण तुमच्या भागात अंजिराच्या बागा आहेत. वाऱ्यानं फवारा तिकडं गेला तर शेजाऱ्याचं वर्ष वाया. आणि फवारलेलं तण कोमेजताना जनावराला एरवीपेक्षा गोड लागतं. एरवी न खाल्लेलं विषारी झाड घोडा तेव्हा खातो.

तुमच्या सहा एकरांना हातच बरे. गाजरगवत उगवल्यापासून महिनाभरात फुलावर येतं आणि एकेक झाड हजारो बिया टाकतं. म्हणून जमीन ओली असताना, फुलाआधी, मुळासकट उपटा. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला फडकं. कुणाला त्याची खाज किंवा दमा असेल तर त्याला या कामाला लावूच नका. फुलाआधी उपटलेलं खतात चालतं, फुलावरचं वाळवून जाळा. पानं कुरतडणारे मेक्सिकन भुंगे दिसले तर ते झुडूप राहू द्या. 1984 साली मुद्दाम आणून सोडलेले आहेत ते, पावसाळ्यात चांगलं काम करतात, पण एकट्या भुंग्यांवर कुरण सोडता येत नाही.

घाणेरी वरून तोडली की दुप्पट फुटते. खोडाशी माती उकरून मुळाच्या मानेखाली, जमिनीच्या आत छाटा आणि झुडूप उलटं ठेवा, म्हणजे पुन्हा मूळ धरत नाही. पक्षी तिची फळं खाऊन बी टाकत राहतात, तेव्हा दर पावसाळ्यात रोपं उपटत राहावं लागेल.

वाईकर, टाकळा बांधावर ठीक, कुरणात मात्र नको. त्याच्यासारखाच दिसणारा कासविंदा त्यात मिसळला तर तो घोड्याच्या स्नायूंना आणि यकृताला घातक आहे.

पुरंदरचा घोडेवाला:
ताई, डॉक्टर येऊन गेले. रक्तात यकृताचे आकडे वाढलेत. तुमचं वाचून उन्हाळ्यात घेतलेल्या गवताच्या उरलेल्या पेंढ्या सोडून बघितल्या. त्यात खुळखुळ्याच्या शेंगा निघाल्या. सगळ्या बाजूला काढल्या. डॉक्टर म्हणाले, यकृत किती सावरतं ते पुढच्या तपासणीत कळेल.

आता माळावर गवत लावायचं म्हणतोय. अंजन आणि संकरित नेपिअर सहज मिळतंय. लावू?

कुरणराखी:
लवकर सापडलं हे फार बरं झालं. शिंगराचं आणि धाकटीचंही रक्त तपासून घ्या, त्यांनीही तोच चारा खाल्लाय.

अंजन, नेपिअर गायींना उत्तम. घोड्यांच्या कायमच्या कुरणाला नको. त्यांत ऑक्झलेट जास्त असतं. गायीच्या पोटात त्याचा बराच भाग मोडतो. घोड्याच्या पोटात मात्र ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. मग शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं, चेहऱ्याची हाडं सुजतात, घोडा लंगडतो. वर चंदीत, म्हणजे दाण्याच्या खुराकात, गव्हाचा कोंडा असेल तर आणखी वाईट. वाढत्या शिंगराला तर हे अजिबात नको.

मारवेल लावा, हरळी आहे ती जपा. माळाचे चार तुकडे करा आणि एका वेळी एकच उघडा. गवत वीतभर झाल्याशिवाय घोड्या सोडू नका, चार बोटं उरलं की काढा. लीद रोज उचला आणि ढीग तापू द्या, त्यात जंत आणि तणाचं बी दोन्ही मरतं. घोड्यांमागून गायी फिरवा. घोड्यानं टाकलेलं गवत त्या खातात आणि दोघांचे बहुतेक जंत वेगळे असतात. कुसळी गवत असेल तर कुसळ धरण्याआधी कापा, तोंडात रुतते.

वाईकर:
ताई, कासविंदा आणि टाकळा वेगळे कसे ओळखायचे? आमच्या बांधाला दोन्ही असतील असं वाटतंय.

कुरणराखी:
टाकळ्याची पानं टोकाला बोथट, पानात सहसा तीन जोड्या, शेंग लांब आणि बाकदार. कासविंद्याची पानं टोकदार, जोड्या जास्त, शेंग चपटी आणि कडेनं फिकट. वासावर जाऊ नका, पान चोळलं की दोन्हींना दर्प येतो. शंका असेल ते झाड शेंग धरायच्या आत काढून टाका.