सुट्टीत किराणा दुकानातील पहिली नोकरी

प्रश्न: उन्हाळ्याच्या सुट्टीत मला एका मोठ्या किराणा दुकानात काम मिळाले आहे. माल मांडणे आणि गरज पडल्यास गल्ल्यावर बसणे, असे कामाचे स्वरूप आहे. सुरुवातीला कशाकडे लक्ष द्यावे?

उत्तर १: माल मांडताना नवी पाकिटे मागे आणि मुदत लवकर संपणारी पुढे ठेवावीत, कारण गिऱ्हाईक हाताला येईल तेच उचलते आणि मागे राहून गेलेला माल शेवटी फेकून द्यावा लागतो. त्यासाठी फळीवरची जुनी पाकिटे आधी बाहेर काढून तारखा पाहाव्यात. यात वेळ जातो खरा, पण घाईघाईने नवा माल पुढे कोंबणाऱ्याचे काम लगेच ओळखू येते.

उत्तर २: गिऱ्हाइकाने दिलेली नोट सुटे पैसे परत करेपर्यंत गल्ल्यात टाकू नये, दोघांना दिसेल अशी बाहेर ठेवावी, म्हणजे ‘मी मोठी नोट दिली होती’ हा वादच उद्भवत नाही. पाळी संपताना रोकड आपल्यासमोर मोजली जावी.

उत्तर ३: वरील सूचना योग्यच आहेत, मात्र पायांचा विचार कोणी केलेला दिसत नाही. दिवसभर उभे राहायचे असल्याने सरावाचे बूट घालावेत आणि जड खोके उचलताना कंबरेऐवजी गुडघे वाकवावेत. पगार आणि कामाचे तास आधीच लेखी मागून घ्यावेत.