मदत हवी आहे: पेन्सिलीत जिवंत असलेली रेष शाईत मरते

नमस्कार मंडळी, मी फावल्या वेळात माणसांची स्केचेस करते, लोकलमध्ये नाहीतर घरी आज्जी बसलेली असते तिची. पेन्सिलीत बरं जमतं, पाठीचा बाक, गुडघ्यावर टेकलेला हात, अंगाचा भार कुठे पडलाय ते सगळं दिसतं. पण त्यावरच ०.३ च्या फाइनलायनरने (बारीक, कडक टोकाचं पेन) शाई केली की रेष इथून तिथून एकाच जाडीची होते आणि आज्जी तारेची बनवल्यासारखी दिसते. प्रपोर्शन चुकलेलं नसतं, तरी बाई तिथे बसलीये असं वाटत नाही.

चित्रकार के. के. हेब्बरांची नर्तकांची रेखाटनं बघा ना, शेडिंग जवळपास नाहीच, तरी लांबलचक एका रेषेत अख्खी गिरकी कळते! आणि दुसरीकडे व्हॅन गॉग, १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला असताना तिथल्याच बोरूने (तासलेल्या काडीच्या लेखणीने) काढलेली शेतं, नुसते ठिपके आणि तुटक फटकारे, तरी गवत वेगळं कळतं, झाडं वेगळी. मला दोन्ही प्रचंड आवडतं. मग पेन बदलू का, टाक (शाईत बुडवून वापरायचं निबेचं पेन) घेऊ की ब्रशपेन? की पेन्सिल न करता थेट शाईतच उतरायचं? जे रोज शाईत काम करतात त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद:
पेनाचं नंतर बघू, आधी हे सांग, शाई करताना आज्जीकडे बघतेस की पेन्सिलीच्या रेषेकडे? गिरवताना सगळं लक्ष रेषेवरून न घसरण्यात जातं, हात सावकाश चालतो, त्यामुळे वेग आणि दाब दोन्ही सपाट होतात. पेन्सिलीच्या चारदोन खुणाच ठेव, डोकं कुठे, बूड कुठे टेकलंय एवढंच, बाकी आज्जीकडे बघून थेट काढ. भार पडतो तिथे दाब दे, उजेड पडलाय तिथे रेष चक्क सोडून दे, बघणाऱ्याचा डोळा जोडून घेतो. टाक घेच, दाबलं की निबेचे दोन भाग फाकतात आणि रेष जाड होते, फाइनलायनरमध्ये ते होणार नाही. बोरूत शाई कमी मावते म्हणून फटकारे आखूड येतात, ते पण करून बघ. कागद मात्र गुळगुळीत घे, खरखरीत हँडमेडवर निब अडकते.

धागाकर्ती:
खूप आभार, टाक आणतेच. अजून एक, सुरकुत्यांचं काय करायचं? सगळ्या काढल्या की आज्जी आहे त्यापेक्षा म्हातारी दिसते, गाळल्या तर आमची आज्जीच वाटत नाही. कुठल्या ठेवायच्या ते कसं ठरवता तुम्ही?