बीपी नॉर्मल आहे, तरी बीपीच्या धोक्याची तपासणी कशाला?

धायरीची_मी
बारावा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ, वय ३५. एनटी सोनोग्राफीबरोबर (बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात ती) गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघणारी सोनोग्राफी, आणि रक्ताची पीएलजीएफ (वारेतून येणारं एक प्रोटीन) तपासणी सांगितलीय. पुढे बीपी वाढण्याचा धोका किती, ते कळतं म्हणे. माझं बीपी ११६/७४. सासूबाई म्हणतात, नसलेलं दुखणं उकरून कशाला काढायचं? शिवाय धोका निघाला तर अ‍ॅस्पिरिन! ती आमच्या सासऱ्यांना अँजिओप्लास्टीनंतर चालू आहे. म्हणजे सासरा-सुनेने एकाच डबीतून गोळ्या घ्यायच्या? हसू नका, खरंच गोंधळलेय.

हडपसर_दोन_लेकरं
अगं, माझंही बाराव्या आठवड्यात ११०/७० होतं. तेव्हा ही तपासणी कुणी सुचवली नाही. ३१व्या आठवड्यात डोकं ठणकायला लागलं, मी पित्त समजून आलेपाक चघळत बसले. दोन दिवसांनी डोळ्यांपुढे काजवे. बीपी १७०/११०, लघवीत प्रोटीन. सीझर झालं, बाळ महिनाभर पेटीत.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. वारेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या सुरुवातीच्या महिन्यांत रुंदावायला हव्यात. त्या अरुंदच राहिल्या तर बीपी चढतं ते विसाव्या आठवड्यानंतर. म्हणून आजच्या ११६ वर जाऊ नकोस. अ‍ॅस्पिरिनची गोळी सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केली तर जास्त फायदा. २०१७ साली छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात, धोका जास्त असलेल्या बायकांत, रात्री १५० मिलिग्रॅम घेणाऱ्या १.६ टक्के जणींना ३७ आठवड्यांआधीचा प्रीएक्लॅम्प्सिया (हेच, मला झालेलं गरोदरपणातलं बीपीचं दुखणं) झाला. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ४.३ टक्के. मी ३६ आठवड्यांपर्यंत घेतली, ३८व्याला बाळंत झाले. सासऱ्यांच्या डबीला मात्र हात लावू नकोस, डोस डॉक्टरच ठरवतील.

ओपीडीतली_सिस्टर
बीपी मोजायची पण रीत असते बरं का. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून धापा टाकत आलीस तर आधी पाच मिनिटं टेकून बस. पाय जमिनीवर, गप्पा बंद, दोन्ही दंडांवर मोजायला सांग. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो. दमा किंवा अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांग. आणि धोका कमी निघाला तरी दर भेटीला बीपी बघायचंच, बाळंतपणानंतरही. कित्येकींचं घरी गेल्यावर चढतं. तुझ्या आईला बाळंतपणात बीपी होतं का? फॉर्मवर तेही विचारतात.

धायरीची_मी
आत्ता आईला फोन केला. म्हणाली, "बीपीचं काही आठवत नाही गं. पण तुझ्या वेळी हात इतके सुजले, की डोहाळजेवणाचा हिरवा चुडा आठ दिवसांत वाढवावा लागला." पस्तीस वर्षांत हे कधी बोलली नव्हती! सासूबाईंनीही ऐकलं. शनिवारची वेळ घेतलीय.