हरिश्चंद्रगडावर डिसेंबरात टेंट कुठे लावावा?

रानवेडा: आम्ही चौघं पाचनईमार्गे जातोय, मुक्काम कोकणकड्यापाशी करावा की देवळाकडे? साध्या स्लीपिंग बॅगवर भागेल का?

डोंगरकिडा: कड्याच्या टोकाला अजिबात नको, रात्री खालून असला वारा उसळतो की टेंटच्या खुंट्याच उपटतात, जरा मागे झुडपांच्या आडोशाला लावा आणि दोऱ्यांवर दगड ठेवा. गड १४२४ मीटरवर आहे राव, पहाटे दात वाजतात, खाली मॅट हवीच.

घाटवाट: शेकोटी पेटवू नका हां, अभयारण्य आहे ते आणि वाळलं गवत भसकन पेट घेतं. जेवणाचं गावकऱ्यांना आधी सांगून ठेवा, पिठलं-भाकरी मिळते.

रानवेडा: आणि पाणी?

डोंगरकिडा: देवळाजवळच्या टाक्यातलं, गाळून-उकळून प्या. माकडांपासून बिस्किटं सांभाळा 😄